स्क्रूवाल्याने गॅस कंपनी घेतली : बर्मिंगहॅमचा एक व्यवहार

जानेवारी १८७४. बर्मिंगहॅमच्या नगरसभेपुढे नव्या महापौरांनी एक प्रस्ताव ठेवला. शहराला दिवाबत्तीचा गॅस पुरवणाऱ्या दोन खासगी कंपन्या होत्या, त्या दोन्ही पालिकेने विकत घ्याव्यात. किंमत जवळजवळ वीस लाख पौंड. पालिकेच्या डोक्यावर आधीच पाच लाखांच्या घरात कर्ज होते. गटार बांधायचे म्हटले तरी वर्षानुवर्षे खळखळ करणारी ही सभा. मत पडले ५४ विरुद्ध २.

प्रस्ताव मांडणारे जोसेफ चेंबरलेन तेव्हा ३७ वर्षांचे होते आणि त्यांना महापौर होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. पुढे ते ब्रिटनचे वसाहतमंत्री झाले, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाचे खापर त्यांच्या माथी फुटले, आणि आज ते बहुतेकांना ठाऊक असतात ते हिटलरशी म्युनिक करार करणाऱ्या पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेनचे वडील म्हणून. ते सगळे इथे बाजूला ठेवू. मला रस आहे तो त्या ५४ मतांमध्ये. कारखान्यातून उठून आलेल्या माणसाने चिकट सभेकडून एवढी मोठी खरेदी मंजूर कशी करून घेतली, आणि धंद्याची तीच अक्कल पुढे कुठे अपुरी पडली?

टोकदार स्क्रू

चेंबरलेन बर्मिंगहॅमचे नव्हेत. जन्म लंडनचा, ८ जुलै १८३६. वडिलांचा बूट-जोड्यांचा धंदा. घराणे युनिटेरियन, म्हणजे राजमान्य चर्चच्या बाहेरचे. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा वडिलांच्या धंद्यात लागला.

१८५४ साली त्यांचे मामा, म्हणजे आत्याचे यजमान नेटलफोल्ड, यांनी एका अमेरिकन यंत्राचे ब्रिटनपुरते हक्क घेतले. लाकडात बसवायचे स्क्रू तोवर बोथट तोंडाचे असत. सुताराला आधी भोक पाडून घ्यावे लागे, मग स्क्रू. या यंत्रातून निघणारा स्क्रू टोकदार होता आणि यंत्र जवळजवळ स्वतःच चाले. पण कारखाना उभारायला ३०,००० पौंड हवेत. चेंबरलेनच्या वडिलांनी त्यातले १०,००० घातले आणि पैशावर लक्ष ठेवायला अठरा वर्षांच्या मुलाला बर्मिंगहॅमला धाडले. एवढी मोठी रक्कम नात्यात गुंतवली की हिशेबाला घरचा माणूस बसवायचा, हा शहाणपणा सगळ्याच पेढ्यांत सारखा.

कारखान्याची बाजू नेटलफोल्डच्या मुलाने सांभाळली. चेंबरलेननी विक्री आणि खतावणी घेतली. फ्रान्सला माल पाठवायचा तर तिकडच्या मेट्रिक मापात पाठवायचा, असल्या बारीकसारीक गोष्टी त्यांनी लावून धरल्या. माल युरोप, अमेरिका, हिंदुस्थान, जपानपर्यंत जाऊ लागला. बरोबरीने दुसरे काम चालले होते : प्रतिस्पर्धी कारखाने एकेक करून विकत घेणे, नाहीतर भावात दमवणे. भरभराटीच्या काळात इंग्लंडमध्ये बनणाऱ्या स्क्रूंपैकी सुमारे दोन-तृतीयांश एकट्या नेटलफोल्ड अँड चेंबरलेनचे होते. (हीच पेढी पुढच्या शतकात जीकेएन या अभियांत्रिकी कंपनीच्या नावातला ‘एन’ झाली.)

ही गोष्ट मी मुद्दाम लांबवली. मक्तेदारी बाहेरून सगळ्यांनाच दिसते, पण ती आतून कशी चालते, भाव कुठे धरता येतो, दोन कारखान्यांचा एक केला की खर्च कुठे वाचतो, हे बर्मिंगहॅमच्या सभेत या माणसाइतके कुणालाच माहीत नव्हते. त्याने स्वतः एक मक्तेदारी उभी केली होती.

‘वुडमन’मधले काटकसरवाले

बर्मिंगहॅमला नगरपालिका मिळाली १८३८ साली. पुढची बरीच वर्षे तिच्यावर काटकसरवाल्यांचा पगडा होता. लहान दुकानदार, लहान घरमालक, ज्यांना घरपट्टीतला प्रत्येक पेनी टोचे अशी ही मंडळी. त्यांचा अड्डा ‘वुडमन’ नावाचा दारूचा गुत्ता. सभेत काय व्हायचे ते आदल्या संध्याकाळी तिथेच ठरे असे म्हणतात. त्यांना सरसकट अडाणी ठरवण्याची इतिहासकारांना सवय आहे. ती मला पटत नाही. ज्याच्या दुकानाचा गल्ला आठवड्याला जेमतेम जुळतो, त्याला पट्टीवाढ म्हणजे थेट ताटातून घास काढणेच. दात कोरून पोट भरत नाही हे खरे, पण दुसरा घास कुठून आणायचा, हे त्यांना कुणी सांगितलेही नव्हते.

शहर मात्र थांबायला तयार नव्हते. १८७१च्या खानेसुमारीत लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास पोचली. पाठीला पाठ लावून बांधलेली घरे, मधल्या अंगणात एक नळकोंडाळे किंवा विहीर, आणि तिच्या शेजारीच शौचकूप. जवळजवळ निम्मे शहर विहिरीच्या पाण्यावर होते आणि त्यांतल्या कितीतरी विहिरींत मैला झिरपत होता. नळाचे पाणी आठवड्यातून तीन दिवस.

हवा बदलली ती आधी प्रार्थनामंदिरांतून. जॉर्ज डॉसन आणि आर. डब्ल्यू. डेल हे दोन धर्मोपदेशक रविवारच्या प्रवचनात गटारे, वाचनालये, पाणी असल्या गोष्टी बोलू लागले. शहराचा कारभार नीट करणे हेही ईश्वराचेच काम, असे ते सांगत. समोर बसलेले बहुतेक कारखानदार होते. जे आजवर नगरसभेला हलक्या लोकांचा उद्योग समजत, ते निवडणुकीला उभे राहू लागले. चेंबरलेन १८६९च्या नोव्हेंबरात सभेत आले. त्याच वर्षी त्यांनी सक्तीच्या, मोफत आणि कोणत्याही पंथाच्या नसलेल्या शिक्षणासाठी देशभर चळवळ सुरू करायला हातभार लावला होता. त्यातून त्यांना सभा भरवण्याची, पत्रके छापण्याची आणि मते मोजण्याची सवय लागली. लिबरल पक्षाची वॉर्डवार बांधणी शहरात होतीच; ती त्यांनी पालिकेच्या निवडणुकीला जुंपली. पालिकेत पक्ष आणला म्हणून त्यांना नावे ठेवली गेली. नोव्हेंबर १८७३ मध्ये मात्र त्याच बांधणीने त्यांना महापौर केले.

त्या वेळच्या इंग्लिश शहरात महापौर म्हणजे काय, ते इथे सांगायला हवे. नगरसेवक एका वर्षासाठी त्याला निवडत. सभा चालवणे, पाहुण्यांचे स्वागत करणे हे त्याचे काम. कायद्याने अंमलबजावणीचे फारसे अधिकार नाहीत, खरी सत्ता समित्यांकडे. मराठी वाचकाला हे चित्र परके वाटू नये. चेंबरलेननी अधिकार वाढवून घेण्याची खटपट केली नाही. त्यांनी गॅस समितीचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले आणि सौदा स्वतः केला.

सौदा

कल्पना त्यांची नव्हती. मँचेस्टरमध्ये गॅस सुरुवातीपासून सार्वजनिक मंडळाच्या हातात होता. ग्लासगोने १८६९ मध्ये गॅस घेतला होता, आणि त्याच्याही दहा वर्षे आधी लॉक कॅट्रिन तलावाचे पाणी शहरात आणले होते. बर्मिंगहॅममध्ये नवे होते ते पटवण्याचे गणित.

हे गणित असे. कायद्याने अशा गॅस कंपन्यांना भागधारकांना १० टक्क्यांपर्यंत लाभांश द्यायची मुभा होती. पालिकेला मात्र कर्ज सुमारे ४ टक्क्यांनी मिळे, कारण तिच्या मागे अख्ख्या शहराची पट्टी तारण. म्हणजे कंपनीला भरपूर किंमत देऊन, भागधारकांना खूश करून घेतली तरी व्याज आणि लाभांश यांमधला फरक शहराच्या खिशात पडणार. शिवाय दोन कंपन्यांची दोन संचालक मंडळे, दोन कचेऱ्या, दोन वसुली खाती. त्यांची एक केली की तीही बचत. शहर वाढतेय, गॅसचा खप वाढणारच. स्क्रूच्या धंद्यात त्यांनी वीस वर्षे जे केले, तेच इथे करायचे होते. प्रतिस्पर्धी घ्या, एकत्र करा, खर्च कापा. फरक एवढाच की वरचा नफा या वेळी चेंबरलेनच्या वहीत जमा होणार नव्हता.

काटकसरवाल्यांना त्यांनी काटकसरीच्याच भाषेत गाठले. शहराची सुधारणा हवी, पट्टी वाढायला नको, तर मग तिसरे उत्पन्न शोधा. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ठीक. पण अंथरूणच रुंद करता येते का, हा प्रश्न ‘वुडमन’मध्ये कुणी विचारला नव्हता. त्याला त्यांनी एक तत्त्वही जोडले : जिथे स्पर्धा होऊच शकत नाही, तो धंदा लोकांनी निवडलेल्या माणसांच्या हाती असावा. हे तत्त्व सांगणारा माणूस स्वतः स्क्रूचा मक्तेदार होता, याची गंमत वाटते. पण स्क्रू दुसरीकडून घेता येतो. गॅसचा नळ घरात एकच येतो.

सभेने होकार दिला, पण तेवढ्याने भागत नव्हते. करदात्यांची संमती हवी, मग लंडनच्या पार्लमेंटमध्ये विधेयक हवे, समितीपुढे साक्ष हवी. यातच दीड वर्ष गेले. हे दीड वर्ष त्यांच्या आयुष्यातले सर्वांत भरलेले आणि सर्वांत वाईट. १८७४ सालीच घराण्याने स्क्रूच्या पेढीतले अंग काढून घेतले. सगळ्या चेंबरलेनांचे मिळून ६ लाख पौंड आले, त्यांतले १,२०,००० जोसेफचे. अडतिसाव्या वर्षी पोटाची चिंता संपली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात युवराज शहरात आले. महापौरांची ख्याती प्रजासत्ताकवादी अशी, त्यामुळे हा माणूस युवराजाशी कसा वागतो, याची वर्तमानपत्रांना उत्सुकता. त्यांनी अतिशय सभ्यपणे आदरातिथ्य केले आणि बातमीदारांची निराशा केली.

फेब्रुवारी १८७५ मध्ये पत्नी फ्लॉरेन्स बाळंतपणात गेली. पहिली पत्नी हॅरिएट १८६३ मध्ये अशीच गेली होती. दोघी एकमेकींच्या चुलत बहिणी. घरात सहा मुले. ज्या देवावर डॉसन आणि डेल बोलत, त्याच्यावरचा चेंबरलेनचा विश्वास यानंतर उरला नाही. राहिले ते काम.

विधेयक १८७५ मध्ये पार झाले. पहिल्या वर्षाचा नफा ३४,००० पौंड निघाला. पुढे गॅसचा भाव उतरवूनही नफा येत राहिला.

पाण्यात नफा नको

गॅसमागोमाग पाण्याची कंपनी. सुमारे साडेतेरा लाख पौंडांचा व्यवहार, आणि तोही रोखीने नव्हे : दर वर्षी ५४,४९१ पौंडांची वर्षासने भागधारकांना लावून दिली. पुन्हा तोच चार टक्क्यांचा हिशेब.

पण इथे त्यांची भूमिका उलटी झाली. आणि हे वळण मला साऱ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे वाटते. गॅसवर नफा कमवायचा, पाण्यावर एक पैसाही नाही, असे त्यांनी आधीच जाहीर करून टाकले. गॅस जाळणारा तो सोयीसाठी जाळतो. ज्याला परवडत नाही तो मेणबत्ती लावतो. पाणी न परवडणारा अंगणातल्या विहिरीचे पाणी पितो आणि पोर दगावते. माणसाच्या जगण्या-मरण्याची किल्ली व्यापारी कंपनीच्या हातात असू नये, असे त्यांनी सांगितले. पाण्यातला फायदा शहराच्या तब्येतीत दिसेल, तो वहीत शोधू नका, हाही त्यांचाच मुद्दा.

ज्या वस्तूत भाव सहज धरता येतो ती कुठली आणि ज्या वस्तूत तो धरू नये ती कुठली, असा फरक करायला सांगणारे पुस्तक त्यांनी वाचले असेल असे वाटत नाही. स्क्रू विकणाऱ्याला गिऱ्हाइकाची गरज ओळखता येते, आणि गरज व निकड यांतले अंतरही. पुढच्या वर्षांत पालिकेने दूषित विहिरी धडाधड बुजवल्या. पुढच्या पिढीने तर वेल्समधल्या ईलान खोऱ्यात धरणे बांधली आणि ७३ मैलांचा जलमार्ग काढून १९०४ मध्ये शहरात पाणी खेळवले. पण कंपनी आधी घेतलेली नसती, तर हे कुणाच्या हिशेबात बसले असते?

गॅसच्या पैशाने काय झाले, त्याचे एक उदाहरण शहरात आजही उभे आहे. वाचनालये-संग्रहालयांसाठी कायद्याने पौंडामागे एक पेनीच पट्टी लावता येई; तेवढ्यात कलादालन होत नव्हते. मग वाट अशी काढली की गॅस खात्याने आपल्यासाठी कचेरीची इमारत बांधायची आणि वरच्या मजल्यावर कलादालन ठेवायचे. १८८५ मध्ये ते उघडले. आत कोरून ठेवले आहे की उद्योगाच्या लाभातून आम्ही कलेला बळ देतो. उद्योग म्हणजे इथे गॅसची बिले.

रस्ता

तिसरे काम होते गलिच्छ वस्त्यांचे. डिझरायलीच्या सरकारने १८७५ मध्ये कारागीर-मजुरांच्या घरांसाठी कायदा केला. रोगट वस्ती ठरवून ती सक्तीने विकत घ्यायची, पाडायची मुभा पालिकांना मिळाली. चेंबरलेननी लगेच शहराच्या मध्यावरची सुमारे ५० एकर जागा हेरली आणि तिथून रुंद हमरस्ता काढायचा बेत मांडला. भाव चढण्याआधी जागा हातात याव्यात म्हणून खरेदीसाठी वर्गणी जमवली, त्यात स्वतःचे १०,००० पौंड घातले.

इथेही गणित होतेच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे भूखंड विकायचे नाहीत, ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचे. भाडे आज, आणि पाऊण शतकाने इमारतींसकट जमीन परत शहराची. आपण नसू तेव्हाच्या शहराला श्रीमंत करणारा हा करार होता, आणि त्याबद्दल त्यांना मानायलाच हवे. रस्त्याचे काम १८७८ मध्ये सुरू झाले. नाव कॉर्पोरेशन स्ट्रीट.

त्या भागातला मृत्युदर १८७३ ते १८७५ या काळात हजारी ५३.२ होता. १८७९ ते १८८१ मध्ये तो २१.३ वर आला. हा आकडा चेंबरलेनच्या बाजूने नेहमी पुढे केला जातो. मी तो वाचला तेव्हा पहिला प्रश्न मनात आला तो असा : मधल्या काळात तिथली माणसे तरी तीच होती का? घरे पाडली गेली होती. जे सर्वांत आजारी आणि सर्वांत गरीब होते ते तिथून उठून कुठल्यातरी दुसऱ्या अंगणात, आणखी दाटीने, राहायला गेले होते. त्यांचे मरण आता दुसऱ्या वस्तीच्या आकड्यात मोजले जात होते. सगळा फरक यानेच पडला असे नाही. हवा आली, विहिरी गेल्या, त्याचा गुण आहेच. पण हिशेबाच्या एका पानावरून खोडलेली रक्कम दुसऱ्या पानावर गेली का, हे तपासणे ही तर खतावणी लिहिणाऱ्याची पहिली सवय.

भूखंडांचे पट्टे चांगल्या भाड्याने जायचे तर तिथे दुकाने, कचेऱ्या हव्यात. मजुराच्या घरातून तेवढे भाडे सुटत नाही. म्हणून कॉर्पोरेशन स्ट्रीटवर झगमगीत दुकाने आली, आणि कायदा ज्यांच्या नावाने झाला होता त्यांच्यासाठी काहीच नाही. घरे खासगी बांधकामवाले बांधतील ही अपेक्षा होती. तरीही योजना कित्येक वर्षे तोट्यात राहिली. गॅसला नफ्याचे आणि पाण्याला गरजेचे गणित लावणाऱ्या माणसाने तिसऱ्या ठिकाणी, घरांच्या बाबतीत, यांतले कुठले लावायचे ते ठरवलेच नाही.

ठरवायला ते तिथे नव्हतेही. जून १८७६ मध्ये बर्मिंगहॅमची लोकसभेतली एक जागा रिकामी झाली, चेंबरलेन बिनविरोध निवडून गेले आणि महापौरपद सोडले. जाताना मित्र जेसी कॉलिंग्ज यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी तीन वर्षांचा जमाखर्च मोठ्या खुशीत मांडला : बागा झाल्या, फरसबंदी झाली, बाजार झाला, गॅस झाला, पाणी झाले, सुधारणा झाली. घरांचा शब्द त्या यादीत वेगळा नव्हता, सुधारणेत काय तो आला.

१८९० मध्ये एका अमेरिकन मासिकाने बर्मिंगहॅमला जगातले सर्वांत उत्तम कारभाराचे शहर म्हटले. त्याच वर्षी पालिकेने मजुरांसाठी आपली पहिली घरे बांधून पुरी केली. रायडर स्ट्रीटवर, एकूण बावीस.